स्टेडियमच्या पोटातली विहीर

गिल्बर्टला कुणी विचारलं, तुमचं शेत कुठे होतं रे, तर तो सरळ उत्तरेकडच्या गोलपोस्टकडे बोट दाखवायचा. "तो पेनल्टी एरिया हाय ना, तो आमचा. कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत." ऐकणारा हसायचा. गिल्बर्ट हसायचा नाही, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतंच. अंधेरीत आज जिथे एवढं मोठं स्टेडियम उभं आहे, तिथे दांडोली गावठाणातल्या ख्रिस्ती लोकांची भाताची शेतं होती. शेतं गेली, बदल्यात घरटी एक नोकरी मिळाली, आणि गिल्बर्टचा बाप ज्या चिखलात भात लावायचा तिथेच पगारावर हिरवळ लावू लागला. बापामागून गिल्बर्ट माळी झाला. आता त्याचीही रिटायरमेंट तोंडावर आली होती.

सगळं गेलं तरी एक गोष्ट राहिली होती. विहीर. उत्तरेच्या स्टँडमागे, गेट नंबर चारपासून हाकेच्या अंतरावर. मैदानाला पाणी लागणार म्हणून बांधणाऱ्यांनी ती तशीच ठेवली, आणि त्या वेळच्या साहेबाने गावातल्या म्हाताऱ्यांना सांगून टाकलं, "विहीर तुमचीच समजा, कधीही या." तोंडी हं! कागद नाही, शिक्का नाही. दांडोलीची माणसं भोळी म्हणा नाहीतर आळशी म्हणा, पण 'साहेब बोललाय' एवढ्या एका वाक्यावर त्यांनी दोन पिढ्या काढल्या.

विहिरीचं एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. मुंबईत नळ आहेत, टँकर आहेत, बाटल्या आहेत. पण दांडोलीत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका लाल लुगडी नेसतात, केसांत फुलं माळतात आणि मडक्याला कातडं ताणून केलेलं घुमट वाजवत, गाणी म्हणत विहिरीवर जातात. विहिरीला पानसुपारी द्यायची, एक नाणं टाकायचं, दारूचा एक घोट तिलाही पाजायचा, आणि घागर भरून घरी आणायची. घरी पोचताच, पाणी ताजं असतानाच, नवरीची आंघोळ त्या पाण्याने. उंबराचं पाणी म्हणतात त्याला. चर्चमध्ये फादर काय ते लग्न लावतोच, पण हे पाणी अंगावर पडल्याशिवाय दांडोलीची पोरगी नवरी झाली असं म्हाताऱ्या मानत नाहीत.

आणि त्या स्टेडियमने तरी काय काय पाहिलं! फुटबॉलच्या मॅचेस झाल्या, शाळांची स्नेहसंमेलनं झाली, सिनेमावाल्यांचे बक्षीससमारंभ झाले, निवडणुकीची मतमोजणी झाली, कोरोनात खाटा लागल्या. या सगळ्यातून वाट काढत गावाच्या घागरी येत-जात राहिल्या. एकदा तर एका पुढाऱ्याची सभा ऐन रंगात असताना घुमट वाजवत वरात आत आली. पुढाऱ्याला वाटलं, आपल्याच स्वागताला आलेत. तो हात जोडून मंचावर उभाच राहिला, आणि बायका त्याच्याकडे ढुंकून न बघता मागच्या बाजूला विहिरीकडे गेल्या. गेटवरचा वॉचमन कुंडलिक ही गोष्ट सांगताना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचा. कुंडलिक मूळचा कणकवलीकडचा, बाप गिरणीत होता. गिल्बर्टशी त्याची जुनी दोस्ती होती.

मग डेंग्यूचं वर्ष आलं. वॉर्डाची माणसं उघड्या विहिरी शोधत फिरू लागली. गावठाणातल्या दोन विहिरींवर बघता बघता स्लॅब पडले.  मैदानाला तेव्हा बोअरचं पाणी होतं, विहिरीचा पंप कधीच बंद पडला होता, म्हणजे तिच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं. गिल्बर्टने डोकं चालवलं. कुठल्याशा सभेच्या कमानीचे जाड लोखंडी पत्रे गोदामात गंजत पडले होते. ते त्याने आणि कुंडलिकने विहिरीवर टाकले, वर माती पसरली, मातीवर हिरवळ बसवली, कडेने चार कुंड्या ठेवल्या. वॉर्डाचा माणूस आला आणि नेमका तिथेच उभा राहून विचारू लागला, "इथं विहीर होती ना?"

"विहीर? कुठली विहीर?" गिल्बर्ट म्हणाला. माणूस निघून गेला.

झालं! गावात गिल्बर्टचा भाव वधारला. शाळेत गणितात आपटलेला गिल्बर्ट सगळ्यांना पुरून उरला, असं जो तो म्हणू लागला. लग्न असलं की तो हिरवळ गुंडाळून बाजूला करायचा, एक पत्रा सरकवायचा, घागर भरून झाली की पुन्हा जैसे थे. सगळ्यांत जास्त खूश झाली ती त्याची मोठी बहीण मोनिका. तिने त्या दिवशी मैद्याचे गोड फुगे तळले आणि शेजारीपाजारी वाटले. "माझा भाऊ हाय तवर विहिरीला कोण हात लावतंय बघू," असं ती दारात उभी राहून सगळ्या आळीला ऐकवत होती.

मोनिकाबाय म्हणजे त्या घराचा कणा. गिल्बर्टची बायको गेली तेव्हा त्याची पोर, फ्रेडा, रांगत होती. मोनिकाचं लग्न तेव्हा ठरत आलं होतं. तिने स्वतःच नाही म्हणून सांगितलं. का, ते कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर गिल्बर्टनेही विचारलं नाही. त्याला तेव्हा सोयीचंच होतं ते. मोनिकाने गावातल्या प्रत्येक पोरीच्या पाण्याला घुमट वाजवलं, घागर डोक्यावर घेतली, नवरीच्या अंगावर तांब्याने पाणी ओतलं. तिच्यासाठी मात्र ती घागर कधी भरली नाही. फ्रेडाचं लग्न ठरलं तशी ती गुडघेदुखी विसरली, रक्तातली साखर विसरली, आणि पेटीतलं लाल लुगडं काढून रोज उन्हात घालू लागली.

फ्रेडा विमानतळावर काउंटरला होती. तिला हे सगळं थोडं जुनाट वाटायचं. "पपा, बाटलीतल्या पाण्याने नाही का चालणार?" ती एकदा म्हणाली. मोनिकाने असं काही बघितलं तिच्याकडे, की पोरीने जीभ चावली. "बरं बाई, विहिरीचंच. तुझ्यासाठी."

आता ऐका कसा घात झाला ते. आणि घात दुसऱ्या कुणी केला नाही, हेच तर दुखणं आहे.

स्टेडियम सांभाळायला एका खासगी कंपनीकडे गेलं होतं. कंपनीने हर्षद नावाचा तरुण मॅनेजर पाठवला. पोरगा चांगला होता, उगाच कशाला खोटं बोला. माळ्यालासुद्धा काका म्हणायचा. एक दिवस तो दोन-तीन माणसं घेऊन स्टँडमागे आला, जमिनीकडे बघत त्यांनी काहीबाही बोलणं केलं, आणि मग त्याने गिल्बर्टला हाक मारली.

"काका, तुम्ही इथले जुने. खाली काही आहे का? टाकी, पाइप, केबल, जुनं बांधकाम?"

गिल्बर्टच्या हातात पाण्याचा पाइप होता. त्याच्या मनात एकच आलं, हे पण बुजवायला आलेत. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! तोंडातून सवयीने निघून गेलं, "काय नाय साहेब. माती हाय नुसती."

"नक्की ना?"

"तुमच्यापेक्षा आधीपासून हाय मी इथं."

हर्षद मान डोलवून गेला. गिल्बर्ट संध्याकाळी कुंडलिकला म्हणालासुद्धा, "आज आणखी एकाला गुंडाळला." दोघे टाळी देऊन हसले.

पुढच्या आठवड्यात गिल्बर्ट लग्नाची आमंत्रणं द्यायला रजेवर गेला. बोरिवलीला, मनोरीला, कुठे कुठे नातेवाईक. परत आला तर कुंडलिक गेटवरच त्याची वाट बघत उभा होता. नेहमी लांबून हाक मारणारा माणूस, आज पुढे येऊन त्याने गिल्बर्टच्या हातातली पिशवी घेतली.

"काय झालं रे?"

"मेल्या, तू आत जा. मी काय सांगू?"

गिल्बर्ट स्टँडमागे गेला. कुंड्या एका कोपऱ्यात फुटून पडल्या होत्या. हिरवळ नव्हती, पत्रे नव्हते. विहीर होती तिथे काँक्रीटचा चौथरा होता आणि त्यातून लोखंडी सळया वर आल्या होत्या. मोठ्या स्क्रीनचा पाया. यंत्राने पत्रा फोडला तेव्हा खाली पोकळ लागलं, म्हणे. माणसांनी वाकून बघितलं, जुनी टाकी असेल म्हणाले, राडारोड्याचे डंपर बोलावले आणि भरून टाकलं. कुंडलिक ओरडत पोचला तेव्हा वरून काँक्रीट ओतणं चाललं होतं.

गिल्बर्ट त्या चौथऱ्याला हात लावून उभा राहिला. काँक्रीट अजून ओलसर होतं. त्याला रडू आलं नाही, संतापही आला नाही. फक्त भीती वाटली, लहानपणी बापाचा नांगराचा फाळ हरवला होता तेव्हा वाटली होती तशी. तो तसाच हर्षदच्या केबिनमध्ये गेला. भांडायलाच गेला होता खरं तर.

"साहेब, तिथं आमची विहीर होती. गावाची. माझ्या पोरीच्या लग्नाचं पाणी—"

हर्षद उभाच राहिला. त्याचा चेहरा पडला. "विहीर? काका, पण मी तुम्हाला विचारलं होतं ना? दोनदा विचारलं होतं."

गिल्बर्टने टेबलाची कड धरली.

"एक शब्द बोलला असता तर स्क्रीन दहा फूट बाजूला घेतला असता. आम्हाला काय, जागा तर भरपूर होती. उलट विहीर चांगली दुरुस्त केली असती मैदानासाठी." तो कपाळाला हात लावून बसला. "अरे यार काका, का नाही सांगितलं?"

त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गिल्बर्ट "बरं साहेब" म्हणाला आणि बाहेर आला. ज्यांच्यापासून विहीर लपवली त्यांनी ती बुजवली नाही, आणि जो ती वाचवू शकला असता त्यालाच आपण खोटं सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कुंडलिकने सुचवलं, "गावात सांग कंपनीने बुजवली म्हणून. मोर्चा येईल. फुकटचा ताप होईल त्यांना."

"आणि तो पोरगा बोलला, मी विचारलं होतं, तर?"

कुंडलिकने गेट उघडून दिलं. गिल्बर्ट घरी गेला. दारात मोनिका लुगड्याला इस्त्री करत होती. तिने वर न बघताच विचारलं, "पत्रा नीट सरकतो ना रं? मागल्या टायमाला अडकत होता." तो म्हणाला, "सरकतो." एवढा एक शब्द बोलून तो मोरीत गेला आणि उगाचच पाय धूत बसला.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी घुमट वाजू लागलं. सगळी आळी लाल झाली होती. मोनिका पुढे, डोक्यावर पितळेची घागर, घागरीत आंब्याचा टहाळा, आवाज नुसता खणखणीत. वरात गेट चारला आली तेव्हा ठरल्याप्रमाणे कुंडलिक आडवा आला. "आज आत बंदोबस्त आहे हो. एकालाच सोडता येईल. गिल्बर्ट जाईल." बायका चिडल्या, एकीने तर कुंडलिकच्या सात पिढ्या काढल्या. बिचारा खाली मान घालून ऐकत राहिला. शेवटी मोनिकानेच सगळ्यांना गप्प केलं. "जाऊ दे गं. माझा भाऊ जातोय म्हणजे मीच गेल्यासारखी." आणि घागर तिने गिल्बर्टच्या हातात दिली, वर पान, सुपारी, नाणं आणि दारूची छोटी बाटली.

गिल्बर्ट स्टँडमागे गेला. चौथऱ्यावर स्क्रीन उभा राहिला होता, तपासणीसाठी एकच जाहिरात पुन्हा पुन्हा दाखवत होता. खाली गवतावर कधी निळा तर कधी लाल उजेड पडत होता. गिल्बर्टने पानसुपारी काँक्रीटवर ठेवली. नाणं ठेवलं, ते टणकन वाजलं. दारू ओतली, ती मुरली नाही, ओघळून कडेला गेली. "माफ कर गं आये," तो म्हणाला. मग खेळाडूंच्या नळावर गेला. क्लोरीनचा वास उडावा म्हणून त्याने आदल्या दिवशीच एक बादली भरून उघडी ठेवली होती आणि त्यात विहिरीजवळची मूठभर माती टाकून निवळू दिली होती. एवढी खबरदारी! चोरीसुद्धा माणूस किती मायेने करतो, बघा. घागर भरून तो बाहेर आला तेव्हा बायकांनी जो काही जल्लोष केला, त्याने त्याचे डोळे भरून आले. सगळ्यांना वाटलं, पोरीच्या लग्नाचं रडतोय.

घरी पोचताच फ्रेडाला अंगणात पाटावर बसवलं. जानेवारीचा गारठा होता. मोनिकाने गाणं म्हणत पहिला तांब्या तिच्या खांद्यावर ओतला, आणि पोरगी शहारली.

आता गंमत अशी, की विहिरीचं पाणी थंडीत कोमट असतं. दांडोलीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. फ्रेडा लहानपणी बापाबरोबर स्टेडियममध्ये जायची तेव्हा थंडीत पंपाच्या त्या पाण्यात पाय सोडून बसायची. हे पाणी रात्रभर बाहेर राहिलेलं, बर्फासारखं होतं. घराच्या दाराशी उभ्या असलेल्या बापाकडे तिने मान वर करून बघितलं. गिल्बर्टने नजर खाली केली. एवढं पुरलं तिला. मोनिकाचे हात साखरेने बधिर झालेले, तिला कढत कळायचं नाही आणि गारही कळायचं नाही.

"कसं लागतंय गं, माझी बाय?" मोनिकाने विचारलं.

फ्रेडाचे दात वाजत होते. "मस्त कोमट आहे आत्या," ती म्हणाली. "अजून ओत."

मोनिकाने ओतलं. सगळी घागर ओतली. आणि मग ओल्या पोरीला छातीशी धरून ती एवढी रडली, की गाणाऱ्या बायका थांबल्या. दुसऱ्या दिवशी लग्न लागून निघताना फ्रेडा बापाच्या गळ्यात पडली आणि कानाशी म्हणाली, "पपा, आत्याला कधी सांगू नका. प्लीज." त्याने मान हलवली.

त्यानंतर गावात आणखी लग्नं झाली. गिल्बर्ट एकटाच आत जायचा, घागर भरून आणायचा. बंदोबस्ताची सबब जुनी झाली, तेव्हा कंपनीचा नवीन नियम आहे म्हणून सांगितलं. लोकांनी तेही मानलं. पोरी नवऱ्या झाल्या, संसाराला लागल्या. कुणाचं काही अडलं नाही. पण गिल्बर्टच्या अंगात काही राहिलं नाही. कुंडलिक म्हणायचा, "सांगून टाक ना एकदा, मेल्या, मोकळा हो." गिल्बर्ट म्हणायचा, "बाय हाय तवर नाय."

मे महिन्यात मोनिका आजारी पडली. पायाची जखम भरेना, ताप उतरेना, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं तेव्हा सगळे काय समजायचं ते समजले. फ्रेडा येऊन उशाशी बसली. एका दुपारी मोनिकाला जरा बरं वाटलं. तिने गिल्बर्टला जवळ बोलावलं.

"एक काम करशील रं?"

"सांग ना बाय."

"साऱ्या गावच्या पोरींना मी ते पानी ओतलं. मना कधी कुणी आणलं नाय." ती जरा हसली. लाजलीच म्हणा ना, त्या वयात. "नवरीसाठी असतं, ठावं हाय मना. पण एक गिलासभर आण. प्यायला. आई असताना पीत होतो तसं. गोड होतं रं ते."

फ्रेडाने तोंड फिरवलं. गिल्बर्ट उठला. काय करणार होता तो? तांब्या घेऊन निघाला.

स्टेडियममध्ये मॅच होती. चारही गेटांवर गर्दी, पोरं तोंडं रंगवून, झेंडे घेऊन नाचत होती. कुंडलिकने काही न विचारता त्याला आत सोडलं. स्क्रीनवर खेळाडूंचे चेहरे घराएवढे मोठे दिसत होते. कुणीतरी उत्तरेच्या बाजूला गोल केला, त्याच्या बापाच्या शेतात, आणि सगळं स्टेडियम उभं राहून ओरडलं. गिल्बर्ट नळाखाली तांब्या धरून उभा होता. त्याला वाटलं, आत्ता घरी जाऊन सांगावं, बाय, विहीर नाय उरली, मीच घालवली. मग वाटलं, मरणाऱ्या माणसाच्या अंगावर आपलं ओझं टाकायचं, हा कुठला न्याय? तांब्या भरून वाहू लागला तरी तो तसाच उभा होता.

घरी फ्रेडाने मोनिकाला उठवून बसवलं. गिल्बर्टने ग्लास तिच्या ओठांना लावला. तिने डोळे मिटून एक घोट घेतला, तोंडात घोळवला. पुन्हा एक घेतला. मग डोळे उघडले, आणि ग्लासाकडे बघत राहिली. 

"काय गं आत्या?" फ्रेडाने विचारलं.

मोनिकाने हळूच मान हलवली. "गेली गं माझी जीभ. एवढं विहिरीचं पानी आणलं भावानं, आणि मना ते नळासारखं लागतंय."

गिल्बर्टने तिच्या ओठांवरून ओघळलेलं पाणी अंगठ्याने पुसलं. "ताप हाय ना बाय," तो म्हणाला, "म्हणून तसं लागतं."

"तसंच असंल," ती म्हणाली, आणि भावाचं मन राखायला उरलेलं सगळं पाणी पिऊन गेली.